आधी प्रश्न शोधा, वक्ता नंतर : तालुक्याच्या गावात विज्ञान व्याख्यान कसं चालवावं?

चोपडा तालुक्यातल्या एका वाचनालयाचं काम पाहणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : "२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते नावाजलेले होते. पण पुढच्या रांगेत पाहुणे, मागे शाळेतून आणून बसवलेली मुलं, आणि गावातली मोठी माणसं जवळपास नाहीतच. प्रश्नोत्तरांत कुणी तोंड उघडलं नाही. आता दर महिन्याला सर्वांसाठी असं व्याख्यान सुरू करायचं म्हणतोय. विषय कसे निवडावेत, वक्ते कुठून आणावेत, लोकांना बोलतं कसं करावं, पैसे कुठून उभे करावेत, आणि शाळेच्या मुलांना आणावं की नको?"

ताई, जळगाव-धुळे-नंदुरबारात अशी व्याख्यानं भरवण्यात आणि देण्यात माझी बरीच वर्षं गेली. तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही की तुम्ही आधी माणूस ठरवला आणि मग त्याला विचारलं, "सर, विषय कोणता घ्याल?" सर म्हणाले असतील, "विज्ञान आणि वैज्ञानिक दृष्टिकोन", नाहीतर "अवकाश संशोधनात भारताची भरारी". विषयात वाईट काही नाही. पण तो प्रश्न तुमच्या गावात कुणालाच पडलेला नव्हता. मग संध्याकाळचं दूध काढायचं सोडून माणूस येईल कशाला?

लोकांना विज्ञानात रस नाही, असं तुमच्या समितीतलं कुणीतरी नक्की म्हणालं असेल. ते मनावर घेऊ नका. खानदेशातला माणूस कीर्तनाला तीन-तीन तास मांडी घालून बसतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून नुसतं ऐकायला जमणं ही मराठी माणसाची जुनी खोड आहे. ऐकायला लोक तयार आहेत. आपल्या कामाचं काही ऐकायला मिळेल असं तुमच्या पत्रिकेवरून त्यांना वाटलं नाही, एवढंच.

म्हणून क्रम उलटा करा. एक शंभर पानी वही घ्या आणि गावाचे प्रश्न गोळा करा. कृषी केंद्राच्या गल्ल्यापाशी, दूध डेअरीत, सलूनमध्ये, आशाताईंच्या बैठकीत. वही नुसती ठेवून दिली तर कुणी लिहीत नाही. तुम्हीच कान देऊन ऐका आणि बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आपल्या भागात अशा वहीत काय येतं ते सांगतो. उनपदेवच्या झऱ्याचं पाणी बारा महिने गरम कसं? धुळ्याकडे शिवारातून लांबच लांब जाणारी काळ्या दगडांची भिंत कुणी बांधली? केळीवर हरण्या रोग आला की कितीही फवारा, थांबत का नाही? शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागतं, माझं कोरडं का गेलं, आणि पाण्याची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो त्याचं काय? मोबाईलमुळे वीज अंगावर पडते का? पोरीचं सिकलसेलचं कार्ड आलंय, तिच्या लग्नाचं काय करायचं? एवढ्यात तुमचं पहिलं अर्धं वर्ष निघालं. आणि प्रत्येक प्रश्नाला विचारणारा माणूस आहे, तो दोन जणांना घेऊन येतोच.

हरण्याचंच घेऊ, कारण रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात यापेक्षा चालणारा विषय नाही. २०२० साली या रोगानं केळीचे मळेच्या मळे उपटायला लावले. तो आणणारा विषाणू म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. १९१६ च्या सुमारास काकडीवर प्रथम नोंदवला गेला म्हणून काकडीचं नाव, पण हजाराहून अधिक जातींच्या झाडांवर तो राहू शकतो. पानावर पिवळे पट्टे, पुढे पोंगा (मधलं न उलगडलेलं कोवळं पान) सडतो. इथपर्यंत शेतकऱ्याला सगळं पाठ आहे. वक्त्यानं त्यावर वीस मिनिटं घालवली तर लोक घड्याळ बघतील. लोकांचा प्रश्न एकच : फवारलं तरी पसरतो का? त्याचं उत्तर मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या सोंडेत आहे. मावा पानावर बसला की हे आपलं झाड आहे का हे बघायला सोंड जराशी टोचतो. तेवढ्या काही सेकंदांत विषाणू सोंडेला चिकटतो आणि पुढच्या झाडावर तशाच टोचणीत उतरतो. औषधानं मावा मरतो खरा, पण मरायच्या आधी त्याचं टोचून झालेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं वक्त्याला फार सांगावं लागत नाही : रोगट झाड दिसलं की उपटून नष्ट करणं, बांधावरचं तण काढणं, केळीत काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो न घेणं, टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं विषाणू तपासणी केलेलीच घेणं. लोक स्वतःच एकेक जोडत जातात.

अशा व्याख्यानाला मी एक गोष्ट हटकून करवतो. चवळीचं किंवा काकडीचं मावा लागलेलं पान आणायचं आणि दहापट मोठं दाखवणारं हातातलं भिंग सभागृहात फिरवायचं. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरायचं आणि पान त्याच्याकडे आणायचं. लोक उलटं करतात, भिंग पानाजवळ धरतात आणि "काही दिसत नाही" म्हणून पुढे सरकवतात. म्हणून पहिल्या माणसाला नीट दाखवा, तो शेजारच्याला शिकवतो. आयुष्यभर मावा पाहिलेला साठीचा माणूस त्याची सोंड पहिल्यांदा बघतो आणि "अरे, ही तर सुईच की!" म्हणतो, तेव्हा तुमचं व्याख्यान लागलं असं समजा.

उनपदेव तुमच्याच तालुक्यात, अडावदजवळ. तिथलं व्याख्यान सभागृहात घेऊच नका, झऱ्याकाठी घ्या. खाली ज्वालामुखी आहे असं बहुतेकांना वाटतं. वक्त्यानं शांतपणे सांगावं की आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचाच आहे, पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्यातली धग केव्हाच निवाली. पाणी तापतं ते खोलीमुळे. जमिनीत खाली जाल तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला खोल भेगा आहेत. त्यांतून पावसाचं पाणी खाली मुरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून निवायच्या आत वर येतं. थर्मामीटर न्या, कुंडाच्या तोंडाशी आणि लांब ओहोळात तापमान मोजायला गावातल्याच दोघांना लावा. त्वचारोग बरे होतात का, हा प्रश्न येणारच. तिथे वक्त्यानं देवस्थानावर घसरू नये. गरम पाण्यानं काय होऊ शकतं आणि कशासाठी दवाखान्यातच जायला हवं, एवढं बोलावं. याच भेगांवरून भूकंपाकडेही वळता येतं : मार्च १९३८ मध्ये सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता.

ती काळी भिंत म्हणजे डाइक. लाव्हा जमिनीच्या उभ्या फटीत शिरून तिथेच थिजला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि हा कठीण दगड कण्यासारखा वर राहिला. धुळे-नंदुरबार भागात अशा डाइकांचं जाळंच आहे. साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेला एक तर ७० किलोमीटरहून लांब. तुमच्यापासून जरा दूर पडेल, पण एखाद्या रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर करून नेण्यासारखं आहे.

आणखी एक कार्यक्रम फुकटात होतो आणि आपल्या भागातच होतो. शून्य सावली. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, भोपाळ-उज्जैनच्या जवळून जातं. त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोन वेळा सूर्य नेमका माथ्यावर येतो : मेच्या २४ ते २८ तारखांदरम्यान, गावागावाप्रमाणे एखाद-दोन दिवस पुढेमागे, आणि पुन्हा जुलैच्या मध्याला, जेव्हा बहुधा ढग असतात. दिल्लीला तो कधीच माथ्यावर येत नाही. रोज बाराला सूर्य डोक्यावर असतो असं शिकलेली माणसंसुद्धा धरून चालतात. त्यांना आधी डिसेंबरातल्या दुपारची सावली आठवायला सांगा. शिवाय वेळ १२ ची नाहीच. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून मेअखेरीस चोपड्याला सूर्य मध्यावर येतो तो १२ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास. नंदुरबारला जळगावनंतर सुमारे ५ मिनिटांनी. सपाट फरशीवर स्टीलचा पेला उभा ठेवा, शेजारी सरळ पाइपचा तुकडा. सव्वाबारापासून सावली आखडत येते, मग पेल्याच्या बुडाशी दिसेनाशी होते. नंदुरबारच्या कुणा नातेवाइकाला व्हिडिओ कॉलवर घ्या. इथली सावली गेली, तिथली अजून बारीक उरली आहे, हे दोन्ही पडदे शेजारी ठेवून पाहताना पृथ्वी फिरते म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मात्र ४४-४५ अंशांचं ऊन असतं. मांडव, माठ, आणि उन्हात जास्तीत जास्त दहा मिनिटं. बाकी सगळं बोलणं सावलीत.

आता समारंभाबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, परिचय, अध्यक्षीय मनोगत, आभार. वक्ता उभा राहतो तेव्हा सांगितलेल्या वेळेला तास उलटलेला असतो आणि लोकांची ऐकायची ताकद संपलेली असते. हे सगळं काढून टाका. परिचय चार वाक्यांचा, तोही पदव्यांचा नको. हा माणूस रोज काय काम करतो ते सांगा. अध्यक्ष नकोच. समितीतले ज्येष्ठ नाराज होतील, त्यांना दारात उभं राहून लोकांचं स्वागत करायचं काम द्या. ते तिथे खरोखर उपयोगाचे असतात. पुष्पगुच्छ आणायचाच असेल तर एक. वेळ साडेसहाची दिली तर साडेसहाला सुरू. पहिल्या खेपेला दहाच माणसं असतील. चौथ्या खेपेला लोक वेळेवर येऊ लागतात. विज्ञान दिनाच्या दिवशी तर कार्यक्रम ठेवूच नका. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणाम जाहीर झाला म्हणून १९८७ पासून हा दिवस पाळतात, त्याबद्दल आदर आहे, पण त्या दिवशी प्रत्येक शाळा-कॉलेजात कार्यक्रम असतो, बरा वक्ता मिळत नाही, आणि घरोघरी दहावी-बारावीच्या परीक्षा.

तारीख ठरवताना गावाचा बाजाराचा दिवस, लग्नाच्या दाट तिथी, आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातला कानबाईचा सण हे बघालच. बाहेरच्या माणसाला न सुचणारी गोष्ट म्हणजे शेतीपंपाची वीज. तुमच्या फीडरला (गावाच्या वीजवाहिनीला) त्या आठवड्यात दिवसाची पाळी आहे की रात्रीची, हे लाइनमनला विचारा. रात्रीची असेल तर शेतकरी पाणी भरायला मळ्यात. तुमचं व्याख्यान हरण्यावर असो की सोन्यावर. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत बायका दमून घरी येतात, तेव्हा त्यांचा विषय ठेवू नका.

वक्ते. लांबून मोठं नाव आणण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. जळगावला विद्यापीठ आहे, केळी संशोधन केंद्र आहे. पाल आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. धुळ्याला कृषी महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करते, तिच्या मुंबई कार्यालयाला लिहिलंत तर विषयानुसार मराठीत बोलणारी माणसं सुचवतात. पण माझे कित्येक उत्तम वक्ते कुठल्याच यादीत नव्हते : वीज कंपनीतला उपकेंद्र सांभाळणारा अभियंता, पशुवैद्यक, रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाई. यांना प्रश्न ऐकायची सवय असते. "मला भाषण येत नाही" म्हणतात, त्यांना सांगा की भाषण नकोच आहे, रोज गिऱ्हाइकाला सांगता तसं सांगा.

वक्त्याला फोनवर तीन गोष्टी सांगा. समोर कोण बसणार आहे. कोणत्या एका प्रश्नाचं उत्तर घेऊन लोक घरी जायला हवेत. आणि बोलायला चाळीस मिनिटं आहेत, पन्नास नाहीत. वहीतला प्रश्न आहे तसा वाचून दाखवा, "उनपदेवनं पानी ऊन काब रास?" (उनपदेवचं पाणी गरम का असतं?) हे अहिराणी वाक्य ऐकल्यावर भूगर्भशास्त्राचा प्राध्यापकही पुस्तकी बोलायचा थांबतो. स्लाइडा पंधराच्या वर नकोत, आणि शेवटच्या खुर्चीवरून वाचता येणार नाही असं एकही अक्षर नको. प्रमाण मराठी बोला, मधूनमधून अहिराणी आली तर उत्तम. ओढूनताणून आणलेली अहिराणी मात्र लोकांना लगेच कळते.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरेडेनं १८२६ च्या सुमारास शुक्रवारची सायंव्याख्यानं सुरू केली. तिथे वक्त्याला व्याख्यानाआधी अर्धा तास खोलीत कोंडून ठेवायची प्रथा पडली. व्हीटस्टन नावाचा शास्त्रज्ञ ऐन वेळी पळून गेला म्हणे, तेव्हापासून. आपल्याकडे वक्ता पळत नाही, आपणच त्याला पळवतो : अध्यक्षांकडे चहा, सचिवांकडे नाश्ता, मग कुणाच्या मळ्यात भरीत. भरीत नंतर. आधीचा अर्धा तास त्याला मोकळ्या सभागृहात एकट्याला द्या. प्रोजेक्टरची वायर त्याच्या लॅपटॉपला लागते का, माईक शिट्टी मारतो का, वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, हे तेव्हाच कळायला हवं. खिडक्यांना काळं कापड लावायची सोय नसेल तर उजेडात प्रोजेक्टर विसरा. वस्तू दाखवा, फळा वापरा. खुर्च्या साठच मांडा, बाकीच्या भिंतीला रचून ठेवा. कमी पडल्या की आणायला मजा येते.

लोक बोलत नाहीत, हे तुमचं दुखणं सगळीकडचं आहे. मोठ्या माणसाला चारचौघांत माईक हातात घेऊन अडाणी दिसायचं नसतं. उपाय साधा आहे : चहा शेवटी देऊ नका, मध्ये द्या. चाळीस मिनिटं बोलणं, पंधरा मिनिटं चहा, मग चाळीस मिनिटं प्रश्न. चहा पिताना माणसं आपसात बोलतात, "मी म्हणत होतो ना" असं होतं, आणि प्रश्न तयार होतात. त्या वेळी तुमच्या दोन मुली कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन फिरू देत. ज्याला लिहायचं नाही त्याचा प्रश्न त्या लिहून घेतील. पहिल्या तीन चिठ्ठ्या बायकांच्या वाचा. एकदा पुरुषांनी सुरुवात केली की बायकांची पाळी येतच नाही, हे मी बघत आलो आहे. प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणारे एक काका प्रत्येक गावात असतात. त्यांच्या हातात माईक देऊ नका, माईक तुमच्या कार्यकर्त्याच्या हातात राहू द्या आणि काकांपुढे धरा. उरलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तर माझ्या सहीनं येईल. आणि ते उत्तर येत असे. तुम्ही वक्त्याकडून उत्तरं मागवून वाचनालयाच्या फळ्यावर लावा. फळ्यापाशी उभं राहून वाचणारे लोक पुढच्या महिन्याचे श्रोते.

सिकलसेलसारखा विषय घ्याल तेव्हा चिठ्ठीच वापरा, तोंडी प्रश्न नको. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा, भिल्ल कुटुंबांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. माणूस वाहक की आजारी ते तपासणीनंतरच्या कार्डावर असतं; सभागृहात कुणाला "तुझं कार्ड कोणतं" असं विचारलं जाऊ नये, हे आधीच बजावा. तिथे सगळ्यांत जास्त घोळ होतो तो पंचवीस टक्क्यांचा. आई-बाप दोघे वाहक, म्हणजे आजाराचं एकेक जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. लोक समजतात, चार मुलांत एकच आजारी होणार, म्हणजे पहिलं आजारी निघालं की पुढची तीन सुटली. दोन पिशव्या घ्या, प्रत्येकीत एक पांढरा वाल आणि एक काळा; काळा म्हणजे आजाराचं जनुक. एक आईची, एक बापाची. प्रत्येकीतून न बघता एकेक दाणा काढायचा; दोन्ही काळे आले तर मूल आजारी. दाणे परत टाका आणि पुन्हा काढा. दोनदा लागोपाठ काळे-काळे आले की सभागृह गप्प होतं आणि मुद्दा पोचतो : पिशवीला मागचं आठवत नाही. वाहक माणूस आजारी नसतो, नेहमीसारखं जगतो, हे वक्त्यानं किमान दोनदा म्हणायला हवं. नाहीतर व्याख्यानातून मुलींची लग्नं मोडायची.

ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरावी का, असे प्रश्न येतील तेव्हा हसणाऱ्याला थांबवा. विचारणारी बाई घरात सासूशी भांडून आलेली असते. तिला उत्तर हवं आहे, टाळ्या नकोत.

परिसंवाद महिन्याला नको, वर्षातून एखादा पुरे, आणि तोही जिथे जाणकारांची बाजू वेगवेगळ्या कोनांतून लागते अशाच प्रश्नावर. कापूस हा उत्तम. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं, आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर बोंडं पोखरली. का? इथे कीटकशास्त्रज्ञाशेजारी एक जुना कापूस उत्पादक आणि एक बियाणं विकणारा दुकानदार बसवा. ४५० ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीचं पाकीट मिळायचं, ते बांधाकडेनं लावायचं होतं, म्हणजे काही अळ्या बीटी न खाता वाढतील आणि विष पचवणाऱ्या अळ्यांची पैदास पातळ होईल. ते पाकीट किती जणांनी लावलं, असा प्रश्न दुकानदारानं विचारला की सभागृहात जो हशा पिकतो, त्यातून निम्मा परिसंवाद होतो. उरलेल्या निम्म्यात फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेला कापूस) न ठेवणं, मादीच्या गंधानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे, लागवडीची वेळ. पाण्यावर परिसंवाद घ्याल तर भूजलवाल्या अधिकाऱ्याबरोबर बोअरची गाडी चालवणारा बोलवा : तापीच्या उत्तरेला गाळ आणि गोटे, दक्षिणेला काळा खडक, कुठे किती फुटांवर काय लागलं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. नारळाची परीक्षा तिथेच घेता येते. पाणाड्याला मानानं बोलवा, एकाच शेतात दोनदा डोळे बांधून चालवा आणि दोन्ही खुणा जुळतात का ते लोकांना बघू द्या. मात्र विज्ञानाचं मत एक आणि कुणाचं तरी ऐकीव मत दुसरं, असे दोन पक्ष करून कुस्ती लावू नका. गर्दी होते, हाती काही येत नाही.

आकाशात काही घडलं तर महिन्याचा विषय बाजूला ठेवा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. जळते गोळे रांगेनं सरकताना अर्ध्या महाराष्ट्रानं पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे धातूची मोठी कडी सापडली. चिनी रॉकेटचा टप्पा वातावरणात परतून जळाला, असं अभ्यासकांनी ओळखलं. उल्का क्षणभरात विझते. हे तुकडे सावकाश, घोळक्यानं, बराच वेळ जात होते. असा विषय आठवड्याच्या आत घेतला तर मैदान भरतं, महिन्यानं घेतला तर कुणी फिरकत नाही.

पैशांचं थोडक्यात. स्थानिक वक्त्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन पाकिटात घालून त्याच दिवशी द्या, "नंतर पाठवतो" नको. दारात डबा ठेवा, चहापुरतं निघतं. खतं-औषधं-बियाण्यांच्या कंपन्या आनंदानं सगळा खर्च उचलतील. त्यांना नाही म्हणा. मागे त्यांचा फलक असेल तर हरण्यावर फवारणी का पुरत नाही हे वक्ता मोकळेपणानं सांगू शकत नाही, आणि सांगितलं तरी लोक पुढच्या वाक्यात बाटलीचं नाव येण्याची वाट बघतात. राजकीय फलकांचंही तेच.

राहिली शाळेची मुलं. रांगेनं आणून बसवू नका. ती शिक्षकांच्या धाकानं गप्प बसतात आणि मोठ्यांना वाटतं हा पोरांचा कार्यक्रम आहे. सातवीच्या पुढच्या मुलांना एकच अट घाला : घरातलं एक मोठं माणूस सोबत आणायचं, आई, आजोबा, काका, कुणीही. मुलगा आजोबांना ओढत आणतो, आणि प्रश्नांच्या वेळी त्यांच्या कानात कुजबुजून त्यांनाच विचारायला लावतो. पहिल्या तीन महिन्यांना मी म्हणेन हरण्या, मग बोअरचं पाणी, मग उनपदेवची सहल. वही मात्र आजच घ्या, आणि पहिला प्रश्न कृषी केंद्रात बसून ऐका.